हृदयविकाराचा झटका आणि ‘शॉक’ : कोण वाचतो, कोण दगावतो?

मराठीत ‘शॉक’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो ऐकून कोणी त्याचा अर्थ विचारीत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. विजेच्या तारेला हात लागला की शॉक बसतो, परीक्षेचा निकाल पाहून शॉक बसतो, जवळचे माणूस अचानक गेल्याचे कळले की घरातली वडीलधारी मंडळी शॉकमध्ये जातात. त्यामुळे इस्पितळाच्या बाकावर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर बाहेर येऊन ‘पेशंट शॉकमध्ये आहे’ असे सांगतात, तेव्हा पुष्कळांना वाटते, माणूस घाबरला असेल; धीर दिला की सावरेल. वस्तुतः डॉक्टरांनी त्या तीन शब्दांत हृदयरोगातली सर्वांत वाईट बातमी सांगितलेली असते.

वैद्यकाच्या मराठी परिभाषेत या ‘शॉक’ला अवसाद म्हणतात. अवसाद म्हणजे शरीरातल्या अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याची अवस्था. रक्तस्राव झाला, पटकीसारख्या रोगाने अंगातले पाणी गेले, रक्तात जंतूंचा विषार भिनला, तरी अवसाद होतो. पण रक्त पुरेसे आहे, वाहिन्या शाबूत आहेत आणि ते रक्त ढकलणारा पंपच खचला आहे, असे झाले तर तो ‘कार्डिओजेनिक शॉक’, म्हणजे हृदयजन्य अवसाद. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आधी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण वर्तमानपत्रांतूनही त्यांची सरमिसळ होते. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीत गुठळी अडकून हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग उपाशी पडणे. हृदयक्रिया बंद पडणे ही दुसरी गोष्ट. तीत बहुधा हृदयाची विद्युतलय बिघडते, ठोके थांबतात आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. मराठी रंगभूमीवरून हिंदी चित्रपटांत गेलेले नट श्रेयस तळपदे १४ डिसेंबर २०२३ रोजी चित्रीकरण आटोपून घरी आले आणि त्यांना झटका आला. इस्पितळाच्या वाटेवरच त्यांचे हृदय काही मिनिटे थांबले होते, आणि छातीवर दाब देऊन व विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू करण्यात आले, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. तो विजेचा झटकाही बोलीभाषेत ‘शॉक’च! तिसरी गोष्ट आपल्या विषयाची. हृदय थांबलेले नसते, ते धडपडत असते, किंबहुना नेहमीपेक्षा जोरात धडधडत असते. पण त्या धडपडीतून शरीराला पुरेसे रक्त मिळत नाही. रोगी पुष्कळदा शुद्धीवर असतो, बोलतो. म्हणूनच ही अवस्था फसवी आहे.

निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. या कामाचा मुख्य भार डाव्या जवनिकेवर, म्हणजे डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यावर असतो. जवनिकेतून रक्त महारोहिणीत जाते, आणि महारोहिणीला फुटणाऱ्या अगदी पहिल्या दोन शाखा कुठे जातात? खुद्द हृदयाकडे. पंगतीत वाढपी आधी आपले पान वाढून घेतो असे सहसा घडत नाही, पण निसर्गाने हृदयाला ती सवलत दिली आहे. मात्र या सवलतीला एक अट आहे. हृदयाच्या स्नायूत रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीच्या क्षणी शिरते, आणि ते शिरण्यासाठी महारोहिणीत दाब असावा लागतो. तो दाब निर्माण करणारा पुन्हा हृदयच. वाढपीच अशक्त झाला की पंगत उपाशी राहते आणि त्याचे स्वतःचे पानही रिकामे राहते. रिकाम्या पोटी तो आणखी अशक्त होतो. हृदयजन्य अवसादाचे सारे मर्म या दुष्टचक्रात आहे.

शरीर यावर गप्प बसत नाही. दाब उतरला की हातापायांतल्या लहान रोहिण्या आकुंचन पावतात, नाडी वाढते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात. रक्तस्राव झालेल्या माणसाला हे उपाय वाचवतात. येथे मात्र तेच उपाय उलटतात. आकुंचन पावलेल्या रोहिण्यांत रक्त ढकलायला दुबळ्या हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, वाढलेल्या नाडीमुळे त्याचा विश्रांतीचा क्षण आखूड होतो, आणि धरून ठेवलेले पाणी फुप्फुसांत साठून श्वास कोंडतो. म्हणजे मदतीला धावून आलेली माणसेच छातीवर बसावीत, तसे होते.

किती स्नायू निकामी झाला म्हणजे ही वेळ येते? अवसादाने दगावलेल्या रोग्यांची हृदये तपासून १९७० च्या सुमारास संशोधकांनी दाखवले की डाव्या जवनिकेचा सुमारे ४० टक्के किंवा अधिक भाग मेलेला असतो. हा भाग एकाच झटक्यात जातो असे नाही. पूर्वीच्या झटक्यात २० टक्के गेले आणि आज आणखी २० गेले, तरी बेरीज तीच. ‘दहा वर्षांपूर्वी एक माइल्ड अटॅक येऊन गेला होता’ असे सहज सांगणाऱ्याने ही बेरीज ध्यानात घ्यावी. कधी स्नायू फारसा न मरताही अवसाद होतो: दोन जवनिकांमधल्या पडद्याला भोक पडते, किंवा झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटतो. अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. सुदैवाने हे प्रकार विरळ.

झटका आलेल्या शंभर रोग्यांपैकी साधारण ५ ते १० जण या अवस्थेस पोचतात. संख्या लहान वाटते. पण इस्पितळात पोचल्यानंतर झटक्याने जे दगावतात, त्यांच्या मृत्यूंचे हे प्रमुख कारण आहे. आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक नसते. बहुतेकांना अवसाद झटक्याबरोबर होत नाही, तो काही तासांनी होतो. छातीत कळ आली, घाम आला, मग जरा बरे वाटले म्हणून माणूस पडून राहिला, आणि चार-सहा तासांनी हातपाय गार पडले, हा क्रम डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मधल्या काळात स्नायू कणाकणाने मरत असतो. रोहिणी बंद पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरू लागतो, आणि पुढच्या पाच-सहा तासांत वाचवण्याजोगा बराचसा भाग हातचा जातो.

ओळखायचे कसे? वरचा रक्तदाब अर्धा तास ९० च्या खाली राहिला, किंवा तो ९० वर ठेवायला औषधाचा ठिबक लावावा लागला, आणि जोडीला अवयवांची उपासमार दिसू लागली, म्हणजे निदान ठरते. ही उपासमार घरातल्या माणसालाही दिसते. त्वचा गार, ओलसर, फिकी. ओठ व नखे निळसर. लघवी जवळजवळ बंद. माणूस बेचैन, असंबद्ध बोलणारा किंवा गुंगीत. रक्तदाबाच्या आकड्यावर फार विसंबूही नये. ज्याचा दाब नेहमी १६० असतो त्याचा तो ११० वर आला आणि अंग गार पडले, तर ‘दाब नॉर्मल आहे’ असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

(रक्तदाबाचा विषय निघाला आहे तर मुंबईचे एक नाव घेतलेच पाहिजे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली ब्रिटिश हृदयविज्ञान पत्रिकेत मांडला, आणि त्यानंतरच जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईकर विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते.)

अवसादाचा धोका कोणाला अधिक? वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह, पूर्वी येऊन गेलेला झटका, हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका, कारण तिला रक्त देणारी रोहिणी सर्वांत मोठ्या प्रदेशाची धनीण आहे, एकाहून अधिक रोहिण्या अरुंद असणे, आणि इस्पितळात उशिरा पोचणे. स्त्रियांचे येथे वेगळे सांगितले पाहिजे. स्त्रियांना आणि मधुमेह्यांना छातीत ठराविक कळ न येता नुसता दम लागणे, मळमळणे, जबडा किंवा पाठ दुखणे एवढेच होऊ शकते. घरातली बाई ‘पित्त झालंय’ म्हणते, स्वयंपाक उरकते, आणि दुपारी आडवी होते ती उठतच नाही. आपल्या घरांत बाईचे दुखणे मोजायचे माप निराळे आहे, आणि त्याची किंमत अशी वसूल होते.

उपचारांतूनही धोका वाढू शकतो, हे चीनमध्ये झालेल्या एका प्रचंड चाचणीने दाखवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४५,८५२ रोगी होते. नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉल हे औषध झटक्यानंतर लगेच शिरेतून दिले, तर लय बिघडून होणारे मृत्यू थोडे कमी झाले. पण अवसाद ३.९ टक्क्यांवरून ५.० टक्क्यांवर गेला. वय ७० च्या वर, वरचा दाब १२० च्या खाली, नाडी ११० च्या वर, अशांना तो धोका विशेष. कारण वरच्या दुष्टचक्रात आहे: वाढलेली नाडी ही त्या हृदयाची शेवटची धडपड असते आणि औषधाने तीच थांबवली जाते. हाच न्याय घराघरांत ठेवल्या जाणाऱ्या सॉर्बिट्रेटच्या गोळीला लागू आहे. ती जिभेखाली ठेवली की रोहिण्या व शिरा सैल पडतात आणि दाब उतरतो. ज्याचा दाब आधीच उतरला आहे, किंवा ज्याच्या उजव्या जवनिकेला झटका बसला आहे, त्याला ती खड्ड्यात लोटू शकते. शेजाऱ्याच्या खिशातली गोळी आपल्या माणसाच्या तोंडात घालण्यापूर्वी निदान नाडीवर आणि कपाळावर हात ठेवून पाहावा, आणि फोनवर डॉक्टरांना विचारावे.

आता या रोगाशी झालेल्या झुंजीचा इतिहास. १९६७ साली न्यूयॉर्कचे किलिप आणि किंबॉल या दोन डॉक्टरांनी झटक्याच्या २५० रोग्यांची चार वर्गांत विभागणी केली. ज्यांना हृदय दुबळे झाल्याचे काहीच लक्षण नव्हते त्यांचा पहिला वर्ग, आणि अवसादात गेलेल्यांचा चौथा. चौथ्या वर्गातले ८१ टक्के रोगी दगावले. विशेष म्हणजे हे रोगी हृदयरोग्यांसाठी मुद्दाम उभारलेल्या दक्षता विभागात होते. लय बिघडून होणारे मृत्यू हा विभाग टाळू शकत होता. खचलेल्या पंपापुढे तो हतबल होता.

त्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी एक कल्पक उपाय योजला. मांडीतल्या रोहिणीतून एक लांबट फुगा महारोहिणीत सरकवायचा. हृदय विश्रांती घेत असताना तो फुगवायचा, म्हणजे रक्त मागे लोटले जाऊन हृदयाच्या रोहिण्या भरतात. आणि हृदय आकुंचन पावू लागले की तो एकदम रिता करायचा, म्हणजे हृदयाला ढकलायला सोपे जाते. दुष्टचक्र नेमके दोन्ही बाजूंनी तोडणारी ही युक्ती होती. ज्या स्त्रीवर तो प्रथम वापरला ती वाचली. हेच कँट्रोविट्झ त्याच डिसेंबरात, दक्षिण आफ्रिकेच्या बर्नार्ड यांच्यापाठोपाठ, जगातले दुसरे मानवी हृदयारोपण करणारे. आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. रोगी फार वेळ जगला नाही, पण महापालिकेच्या, म्हणजे गोरगरिबांच्या इस्पितळात जगाबरोबर पाऊल टाकण्याची ती हिंमत होती.

फुग्याची गोष्ट मात्र पुढे मोठी बोधक झाली. पुढची चाळीसहून अधिक वर्षे जगभरच्या इस्पितळांत तो अवसादाच्या रोग्यांना बसवला जात होता. तर्क निर्दोष होता, दाबाचे आकडे सुधारलेले दिसत होते, डॉक्टरांची श्रद्धा होती. २०१२ साली जर्मनीतील टीले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०० रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करून एकाला फुगा दिला, दुसऱ्याला दिला नाही. ३० दिवसांत फुगेवाल्यांतले ३९.७ टक्के दगावले, बिनफुग्याचे ४१.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. तर्क कितीही देखणा असला तरी मोजून पाहावे लागते, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

मग मृत्यूचे प्रमाण ८१ वरून ४० च्या घरात आले ते कशाने? त्याचे उत्तर बंद रोहिणी उघडण्यात आहे. ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झ्यूरिक येथे हृदयाच्या रोहिणीत फुग्याने मार्ग करून दाखवला. तीच आजची अँजिओप्लास्टी. अवसादातल्या नाजूक रोग्यावर ती करावी की आधी औषधांनी त्याला सावरावे, हा वाद होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शॉक’ याच नावाच्या चाचणीने त्याचा निकाल लावला. ३०२ रोग्यांपैकी निम्म्यांची रोहिणी तातडीने उघडली किंवा बायपास केली, उरलेल्यांना आधी औषधे. पहिल्या ३० दिवसांत मृत्यू ४६.७ टक्के विरुद्ध ५६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा ठरला नाही, आणि काहींनी चाचणी फसली असा शेराही मारला. पण सहा महिन्यांनी अंतर वाढले: ५०.३ विरुद्ध ६३.१. वर्षअखेर पहिल्या गटातले ४६.७ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ३३.६. शंभरांमागे तेरा माणसे अधिक वाचली. झटक्यातल्या इतर कोणत्याही उपायाच्या हिशेबात ही फार मोठी संख्या आहे. तेव्हापासून नियम झाला: अवसाद आहे तर थांबू नका, रोहिणी उघडा. गुठळी विरघळवणारी औषधे येथे कमी पडतात, कारण दाबच नसेल तर औषध गुठळीपर्यंत जोराने पोचणार कसे? तरीही अँजिओप्लास्टीला फार उशीर लागणार असेल तर तीच द्यावी लागतात.

पुढच्या चाचण्यांचे थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये ७०६ रोग्यांवर असे दिसले की अनेक रोहिण्या अरुंद असल्या तरी पहिल्या बैठकीत फक्त गुन्हेगार रोहिणी उघडावी. सगळ्या एकदम उघडायला गेलेल्यांत मृत्यू अधिक. २०२३ मध्ये रक्त शरीराबाहेर काढून, प्राणवायू मिसळून परत सोडणाऱ्या यंत्राचा सर्वांना सरसकट वापर निष्फळ ठरला. आणि २०२४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटन येथील चाचणीत प्रथमच एका यंत्राने जीव वाचवल्याचे दिसले. जवनिकेतच बसवायचा हा पेन्सिलीइतका बारीक पंप. सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ वर आले. पण रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे, मूत्रपिंडे बंद पडणे हे उपद्रव वाढले. शिवाय बेशुद्ध रोगी चाचणीत घेतले नव्हते, आणि पंपाची किंमत लाखांत आहे. केवळ ३५५ रोगी जमवायला दहा वर्षे लागली, यावरून या संशोधनाची कठीणता कळावी.

अवसादात गेलेल्यांपैकी कोण वाचेल, याचा अंदाज बांधता येतो का? वर सांगितलेल्या जर्मन चाचणीतून सहा प्रश्नांचा एक गुणतक्ता तयार झाला. वय ७३ च्या वर आहे काय? पूर्वी पक्षाघात झाला होता काय? दाखल होताना रक्तातली साखर १९१ च्या वर होती काय? क्रिएटिनिन दीडच्या वर, म्हणजे मूत्रपिंडे दमली आहेत काय? रक्तातले लॅक्टेट ५ च्या वर आहे काय? आणि अँजिओप्लास्टीनंतर रोहिणीतून रक्त पूर्ववत वाहू लागले काय? कमी गुणांच्या गटात चारांपैकी साधारण एक दगावतो, मधल्या गटात निम्मे, वरच्या गटात चारांपैकी तीन. यांतले लॅक्टेट मला सर्वांत बोलके वाटते. पेशीला प्राणवायू मिळेनासा झाला की ती अर्धवट ज्वलनावर दिवस काढते, आणि त्या धुमसणाऱ्या चुलीचा धूर म्हणजे लॅक्टेट. तो किती साठला आहे यावरून उपासमार किती वेळ चालली होती ते कळते. वय आणि जुना पक्षाघात यांना कोणी बदलू शकत नाही. उरलेल्या चारांपैकी निदान तिघांत, थोड्याफार प्रमाणात, घड्याळ लपलेले आहे.

आणि घड्याळाचा प्रश्न आला की आपल्याला आपल्या शेजारी पाहावे लागते. आरे कॉलनी १९४९ पासून वसवली गेली. दारा खुरोडी यांच्या योजनेतून शहरातले तबेले येथे आणले गेले, आणि मार्च १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्याआधीपासून येथे वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबांचे पाडे आहेत: मरोशी पाडा, केल्टी पाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा आणि असे किती तरी. तबेल्यांच्या युनिटांतून गुरांची देखभाल करणारी माणसे वस्तीला आहेत. नकाशावर ही सारी वस्ती मुंबईत आहे. पश्चिम द्रुतगती महामार्ग एका बाजूला, पवई दुसऱ्या बाजूला, आणि महामार्गावर जोगेश्वरीला महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय. कावळ्याच्या उड्डाणाने पाहिले तर अंतर काहीच नाही. पण माणूस कावळ्यासारखा जात नाही.

समजा, पावसाळ्यातल्या रात्री अडीच वाजता एखाद्या पाड्यावरच्या पन्नाशीच्या माणसाला छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले. घरचे ओवा देतात, गरम पाणी देतात, पित्त असेल. अर्धा-पाऊण तास यात जातो. मग रिक्षा. ती मुख्य रस्त्यावरच मिळायची, आणि तिथपर्यंतची पायवाट अंधारी, निसरडी, बिबट्याच्या वावराची. छातीत कळ असलेल्या माणसाला चालवत नेले तर त्या चालण्याचा भारही त्याच उपाशी स्नायूवर. जवळच्या दवाखान्याचे दार बंद. उजाडल्यावर डॉक्टर, मग कार्डिओग्राम, मग चिठ्ठी, मग मोठे इस्पितळ. तिथे अँजिओग्राफीची सोय नसेल तर आणखी एक चिठ्ठी आणि परळ किंवा मुंबई सेंट्रलचा, वीस-एक किलोमीटरचा सकाळच्या गर्दीतला प्रवास. यात कोणाही एकाने हयगय केलेली नाही. तरीही सहा-सात तास निघून गेले, आणि जो माणूस पहिल्या वर्गात असताना घरातून निघायला हवा होता तो चौथ्या वर्गात असताना टेबलावर पोचला.

हे आरेचेच रडगाणे आहे असे नाही. २००८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या ८९ इस्पितळांतले २०,४६८ रोगी होते. मोठ्या झटक्याच्या रोग्यांना इस्पितळात पोचायला लागलेला मध्यम वेळ होता ३०० मिनिटे. पाच तास! ३० दिवसांतले मृत्यू श्रीमंतांत ५.५ टक्के, गरिबांत ८.२. या पाहणीतला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी दोन्ही गटांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबातून काढून टाकला, तेव्हा मृत्यूतला फरकही नाहीसा झाला. म्हणजे गरिबाचे हृदय काही निराळ्या मातीचे नसते. त्याला औषध आणि शस्त्रक्रिया कमी मिळते, एवढाच भेद.

काही गोष्टी बदलल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. २०१७ च्या ऑगस्टपासून मुंबईत दुचाकी रुग्णवाहिकाही धावू लागल्या, ज्या अरुंद वाटेने डॉक्टर घेऊन येऊ शकतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. १०८ ला फोन करताना ‘छातीत दुखतंय’ एवढेच न सांगता अंग गार पडले आहे, घाम फुटला आहे, माणूस नीट बोलत नाही, हेही सांगावे. पाड्याचे नाव, युनिटचा क्रमांक आणि गाडी कुठवर येऊ शकते तेही सांगावे, आणि एकाने कंदील किंवा बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे राहावे. रोग्याला चालवू नये. झोळीत किंवा खुर्चीत बसवून न्यावे. आणि जे इस्पितळ रात्री रोहिणी उघडू शकते तेथेच थेट न्यावे, कारण अवसादाच्या रोग्याला मधला प्रत्येक थांबा महाग पडतो. के. ई. एम., नायर आणि शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयांत ती सोय आहे.

झटकाच येऊ नये म्हणून काय करावे, यावर इतके लिहिले गेले आहे की येथे एका पाहणीचा उल्लेख पुरे. ५२ देशांतल्या त्या पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ च्या आसपास. आपण जवळजवळ सहा वर्षे आधी त्या दारात उभे राहतो. कारणे ओळखीचीच: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, रक्तातली चरबी, पोटाचा घेर. नुसती चघळलेली तंबाखूही धोका दुपटीवर नेते, हे त्याच पाहणीत दिसले. मिश्रीला ‘ती काही ओढायची नव्हे’ म्हणून सूट देणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे सांगणारे फार थोडे आहेत.

राहिला प्रश्न वाचलेल्यांचा. इतक्या यातायातीनंतर वाचलेला माणूस अंथरुणालाच खिळून राहणार असेल तर काय उपयोग, असे नातेवाईक कधी कधी बोलून दाखवतात. १९९९ च्या त्या चाचणीत वर्षभर जगलेल्यांपैकी ८३ टक्के लोक रोजची कामे दम न लागता, किंवा थोडासाच दम लागून, करू शकत होते. ज्यांची रोहिणी तातडीने उघडली आणि जे इस्पितळातून चालत बाहेर पडले, त्यांच्यापैकी ६२ टक्के सहा वर्षांनंतरही हयात होते. त्यांना गोळ्या चुकवता येत नाहीत, मीठ जपावे लागते, जिना दोन टप्प्यांत चढावा लागतो. पण ते कामावर जातात, गुरांना चारा घालतात, नातवंडांना शाळेत सोडतात.